पाळक

पाळकीण म्हणजे पाळकाची बायको.
हे तिनंच मला सांगितलं होतं,
उथळसरला, आमच्या पिठाच्या गिरणीच्या माडीवर,
सतरंजी झटकता झटकता.
मग बाई स्वतःच पाळक झाली तर तिला काय म्हणायचं?
"तबीथाबाई म्हण. शब्द येईल मागाहून,
बैलगाडीनं निघालाय."

तबीथा चक्रनारायण. टेलिफोन खात्यात सुपरवायझर.
कानाला हेडफोन लावून लावून
केसांत कायमची एक खाच पडलेली.
मोठ्या देवळात म्हणे ती एका रविवारी उभी राहिली
आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा ऐकून झाल्यावर
साध्या ऑफिसच्या आवाजात म्हणाली,
"मला एकच ऐकू येतो.
लाइनीवर दुसरं कुणी नाही."

त्यानंतर तिची सख्खी बहीणसुद्धा
चरईतला रस्ता बदलून जायची.

माडीवर चौदा माणसं जमत.
वागळे इस्टेटीतला सुटलेला फिटर,
दोन नर्सा, कोपरीचे एक सिंधी मास्तर,
खारकर आळीतलं एक जोडपं
ज्यांचं लग्न कुणीच लावेना, ते हिनं लावलं.
खाली वडील जात्याचा पट्टा उतरवत,
तिच्या प्रार्थनेपुरता.
गिऱ्हाइकं डबे घेऊन ताटकळत.
तेवढ्या शांततेत पीठ खाली बसायचं, हळूहळू,
सगळ्यांच्या भुवयांवर.

दीक्षा द्यायला मात्र कुणी नव्हतं.
डोक्यावर हात ठेवायचा तर आधी
ठेवणाऱ्याच्या डोक्यावर कुणीतरी ठेवलेला असावा लागतो.
एकोणऐंशीचा श्रावण. ती गुडघ्यांवर बसली
आणि म्हणाली, "तुमचेच ठेवा, जसे आहेत तसे."
चौदा हात झाले. मग तिनं जिन्यातून हाक मारली,
"विठ्ठलराव, वर या जरा."
वडील आले. हात पुसायचं त्यांना सुचलं नाही.
तिच्या काळ्या केसांवर पाच पांढरी बोटं.
तिनं ती झटकली नाहीत. तशीच ड्युटीवर गेली,
संध्याकाळच्या पाळीला.

पाळीवरून आठवलं.
शद्रख ओहोळ, जुन्या मंडळीतले वडीलधारे,
धापा टाकत जिना चढून आले होते, विचारायला,
त्या दिवसांत भाकर कोण मोडणार?
पाळक आणि पाळी, शब्द एका घरचे की शेजारचे,
पंडितांनी ठरवावं.
ती म्हणाली, "माझी गेली, शद्रखभाऊ, दोन वर्षं झाली.
तुम्हालाच यायला उशीर झाला."
आणि त्यांना चहा दिला. प्यायले ते.

गाणं तिचं भयंकर होतं.
राग आला की आठ-आठ दिवस बोलायची नाही.
उपदेश मात्र छोटा, ट्रंक कॉलचे पैसे पडत असल्यासारखा:
"मी जोडून देते. बोलायचं तुम्ही."

मेंटल हॉस्पिटलातली एक बाई वारली,
वीस वर्षांत जिला कुणी भेटायला आलं नव्हतं.
कुठल्या धर्माची, कागदावर नाही.
तबीथाबाई गेली. मीही गेले, छत्री धरायला.
खड्ड्याच्या काठावर ती बराच वेळ नुसती उभी.
मला वाटलं, विसरली.
मग ती म्हणाली, "होल्ड करा."
एवढंच. कुणाला म्हणाली, कळलं नाही.
माती मी लोटली.

गिरणी विकली. चौदाची सात झाली, सातांची तीन.
शेवटी माडीवर ती आणि मी,
आणि मी तर कुठल्याच मंडळीतली नव्हते.

तिच्या मृत्यूची नोंद मीच केली, पाचपाखाडीला.
खिडकीतल्या मुलानं विचारलं, व्यवसाय?
मी म्हटलं, पाळक.
"म्हणजे शेळ्या-मेंढ्या?"
मागे रांग होती. पंखा बंद होता.
हो, म्हटलं. चौदा होत्या.
त्यानं टाइप केलं, पशुपालन.

दुरुस्तीचा अर्ज मी भरला नाही.